विमानातील बॅगेचे कुलूप : राखण थोडी, साक्ष अधिक

व्हाइटफील्ड (बेंगळुरू) : बेंगळुरूच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड या उपनगरात कुलपाविषयीच्या दोन निरनिराळ्या समजुती शेजारी शेजारी नांदतात. माहिती-तंत्रज्ञान संकुलांभोवती उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांतून देवनहळ्ळीच्या केम्पेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळाकडे रोज कुटुंबे निघतात. मोटारीत वा ‘वायू वज्र’ बसमध्ये बॅगा चढवण्यापूर्वी कुलूप लागले आहे ना, हे कोणीतरी एकदा ओढून पाहते आणि मग सारे निश्चिंत होतात. याच व्हाइटफील्डमध्ये कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया अर्थात कॉन्कॉरचे अंतर्देशीय कंटेनर आगार आहे. तेथून परदेशी बंदरांकडे जाणाऱ्या कंटेनरच्या दाराला किल्लीचे कुलूप नसते. तेथे पोलादी खिळ्याचे ‘बोल्ट सील’ ठोकलेले असते. त्यावर क्रमांक कोरलेला असतो, तो क्रमांक कागदपत्रांत लिहिलेला असतो आणि माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तो ताडून पाहिला जातो. सील कोणालाही कापता येते, हे त्या व्यवहारातील प्रत्येकाला ठाऊक असते. ते कापले गेल्यास लपून राहू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

विमानात सोपवलेल्या, म्हणजे चेक-इन केलेल्या बॅगेला कुलूप लावल्याने ती सुरक्षित राहते काय, या प्रश्नाचे उत्तर या दोन समजुतींच्या मध्ये कोठेतरी आहे. प्रवासात बॅग आपोआप उघडू नये आणि जाता जाता कोणाचा हात सहज आत जाऊ नये, इतके काम कुलूप करते. ठरवून चोरी करणाऱ्याला ते फार वेळ थोपवत नाही. परंतु बॅग उघडली गेली होती, हे मालकाला वेळेवर सांगण्याचे काम ते करू शकते. त्या वेळेवरच पुढची भरपाई पुष्कळशी अवलंबून असते.

कुलपाचे बळ वेळात मोजले जाते. ते चोराचा थोडा वेळ खाते आणि तेवढ्यात कोणाचे तरी लक्ष जाईल, अशी आशा असते. रेल्वेच्या डब्यात बाकाखालच्या कडीला साखळीने बॅग बांधण्याची पद्धत याच हिशेबावर चालत आली. तेथे मालक हातभर अंतरावर झोपलेला असतो आणि साखळीचा खळखळाट त्याला जागा करू शकतो. विमानतळावर बॅग पट्ट्यावरून रबरी पडद्याआड गेली की मालकाची आणि तिची ताटातूट होते. त्यानंतर कुलपाने मिळवून दिलेला वेळ वापरायला तेथे कोणी नसते.

त्यातही बहुतेक बॅगांमध्ये कुलपाहून दुबळी जागा दुसरीच असते, ती म्हणजे चेन. आज विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य बॅगांना नायलॉनच्या वेटोळ्यांची चेन असते. बॉलपेनाचे टोक दातांमध्ये जोराने खुपसले की ती दुभंगते आणि हात आत जाण्याएवढी फट पडते. काम झाल्यावर कुलपासकट दोन्ही रनर चेनभर एकदा फिरवले की दात पुन्हा जुळतात आणि बॅग होती तशी दिसू लागते. या साऱ्या प्रकारात कुलपाला कोणी हातही लावलेला नसतो. बॅगेच्या अंगातच बसवलेले तीन आकडी नंबरचे कुलूप याहून भक्कम वाटते. त्याच्या एकूण जुळण्या मात्र हजार. एका जुळणीला दोन सेकंद धरले तर सगळ्या फिरवून पाहण्यास सुमारे ३३ मिनिटे लागतात, आणि नेमकी जुळणी बहुधा त्याआधीच सापडते. चेनऐवजी चौकट आणि खटके असलेल्या कडक कवचाच्या बॅगा या बाबतीत बऱ्या, पण त्या महाग आणि वजनाला जड.

बॅग उघडण्याचा अधिकार

सामान भक्कम बंद करण्यात आणखी एक अडचण आहे. काही प्रसंगी बॅग उघडणे सुरक्षा यंत्रणेचे कर्तव्यच असते. त्यामागील इतिहास भारताच्या दृष्टीने वेदनादायी आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे बोइंग ७४७ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ आकाशात फुटले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. बॉम्ब चेक-इन केलेल्या बॅगेत होता. ही बॅग व्हँकुव्हरहून पुढच्या विमानासाठी सोपवण्यात आली होती आणि तिचा प्रवासी मात्र विमानात चढलाच नव्हता. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर दुसऱ्या एका बॅगेचा स्फोट होऊन सामान हाताळणारे दोन कर्मचारी ठार झाले. प्रवासी नसेल तर त्याची बॅगही उतरवायची, हा आज जगभर पाळला जाणारा नियम अशा घटनांतून कठोर झाला. भारतात नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो १ एप्रिल १९८७ पासून स्वतंत्र विभाग म्हणून काम करू लागला, त्यामागेही हीच दुर्घटना होती.

आता मोठ्या भारतीय विमानतळांवर सोपवलेली बॅग पट्ट्यावरूनच क्ष-किरण यंत्रांतून जाते. पहिला निर्णय यंत्र करते, शंका आल्यास पडद्यासमोरचा कर्मचारी प्रतिमा तपासतो आणि शंका फिटली नाही तर अधिक बारकाईने छेद घेणारे यंत्र वापरले जाते. तरीही प्रश्न उरला तरच बॅग उघडली जाते, आणि भारतात त्यासाठी प्रवाशाला बोलावून घेण्याची रीत आहे. म्हणून फाटकापाशी आपल्या नावाची घोषणा झाल्यास ती ऐकणे महत्त्वाचे ठरते. प्रवासी आला नाही तर बॅग मागे राहू शकते. ज्याची किल्ली हाताशी आहे त्याचे काम दोन मिनिटांत होते. किल्ली त्याच बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवणारे प्रवासीही असतात.

अशा उघडण्याचे कारण बहुतेक वेळा अगदी घरगुती असते. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. सुके खोबरे हे दुसरे कारण अनेकांना चकित करते. त्यातील तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांच्या वर्गात मोडते आणि मार्च २०२२ मध्ये सुरक्षा ब्युरोने चेक-इन सामानातील निषिद्ध वस्तूंमध्ये त्याचा समावेश केला. गोड्या मसाल्यासाठी गावाहून घेतलेल्या खोबऱ्याच्या वाट्या त्यामुळे विमानतळावरच सोडाव्या लागतात, मग बॅगेला कितीही चांगले कुलूप असो.

अमेरिकेची पद्धत निराळी आहे. तेथे वाहतूक सुरक्षा प्रशासन, म्हणजे टीएसए, प्रवाशाच्या गैरहजेरीत बॅग उघडते, आत छापील सूचनेचा कागद ठेवते आणि बॅग पुढे पाठवते. कुलूप आड आले तर ते तोडले जाते आणि त्याची भरपाई देण्याची जबाबदारी प्रशासन घेत नाही. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या प्रवाशाला पहिल्या अमेरिकी विमानतळावर सामान ताब्यात घेऊन पुढच्या विमानासाठी ते पुन्हा सोपवावे लागते. तेथून पुढे ही तपासणी लागू होते.

या तोडातोडीवर तोडगा म्हणून २००३ मध्ये ‘ट्रॅव्हल सेंट्री’ची मान्यताप्राप्त कुलपे बाजारात आली. लाल चौकोनी चिन्ह असलेले हे कुलूप मालक आपल्या किल्लीने वा नंबरने उघडतो आणि तपासणी अधिकारी आपल्याजवळच्या मास्टर किल्लीने. ‘सेफ स्काइज’ या दुसऱ्या संस्थेचीही अशीच कुलपे आहेत. किल्लीच्या भोकाशेजारी ‘टीएसए ००७’ यासारखा क्रमांक कोरलेला असतो. कोणती मास्टर किल्ली वापरायची, हे त्यावरून अधिकाऱ्याला कळते. भारतातील दुकानांत आज मध्यम किमतीच्या बॅगेतही हे कुलूप असते आणि ‘टीएसए मान्य’ हे शब्द जणू मजबुतीचे प्रमाणपत्र असल्यासारखे उच्चारले जातात. वस्तुतः मान्यता आहे ती अधिकाऱ्याला कुलूप न तोडता उघडता येण्याची. ते फोडणे अवघड असल्याबद्दल त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

या व्यवस्थेतील उणीव तिच्या रचनेतच होती. जगभरातल्या असंख्य बॅगा मोजक्याच मास्टर किल्ल्यांनी उघडतात, म्हणजे त्या किल्ल्या गुप्त राहण्यावर सारी भिस्त. २०१४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने सामान तपासणीवरील एका वृत्तांतात या किल्ल्यांच्या जुडग्याचे छायाचित्र छापले. पुढच्या वर्षी त्या छायाचित्रावरून किल्ल्यांचे त्रिमितीय आराखडे तयार होऊन इंटरनेटवर पोहोचले आणि घरगुती थ्री-डी प्रिंटरवर काढलेल्या प्लॅस्टिकच्या किल्लीने खरीखुरी कुलपे उघडू लागली. २०१६ मध्ये ‘सेफ स्काइज’ची किल्लीही अशीच उघड्यावर आली. ही कुलपे प्रवाशाच्या मनःशांतीसाठीची ग्राहकोपयोगी वस्तू आहेत आणि विमान सुरक्षेच्या यंत्रणेचा भाग नाहीत, अशी टीएसएची त्यावरील भूमिका होती. कुलपावर भरवसा ठेवणाऱ्याने एवढी एक भूमिका लक्षात ठेवली तरी पुरे.

पट्ट्यापासून विमानाच्या पोटापर्यंत

तपासणीनंतर बॅगा वर्गवारीच्या पट्ट्यावरून फिरत विमानानुसार गाड्यांवर लादल्या जातात. मोठ्या विमानांत त्या धातूच्या पेट्यांत भरून पेट्याच आत सरकवल्या जातात, त्यामुळे वाटेत सुटी बॅग हाताशी येत नाही. बोइंग ७३७ सारख्या अरुंद विमानांत मात्र लोडर पोटातील कोठारात गुडघ्यांवर बसून एकेक बॅग रचतात. बाहेरून तेथील काही दिसत नाही आणि जागा इतकी बुटकी की देखरेख करणारा आत मावत नाही. अमेरिकेत मायामी विमानतळावर पोलिसांनी अशाच कोठारांत छुपे कॅमेरे बसवले, तेव्हा कर्मचारी बॅगा चाचपून त्यातील वस्तू काढताना टिपले गेले. मुंबई आणि दिल्लीतही सामान हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना अशा चोऱ्यांत अटक झालेली आहे. उन्हापावसात दिवसभर दुसऱ्यांचे ओझे वाहणाऱ्या हजारोंमध्ये असे करणारे थोडे, हेही तितकेच खरे.

चोरीची भीती मनात मोठी असली तरी प्रमाणात ती लहान आहे. हवाई तंत्रज्ञान पुरवणाऱ्या ‘सिटा’ या संस्थेच्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगभरात दर हजार प्रवाशांमागे ६.३ बॅगांची काही ना काही गफलत झाली. त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश बॅगा केवळ उशिरा पोहोचल्या, बहुतेकदा विमान बदलताना मागे राहिल्यामुळे. अशा बॅगेला कुलपाचा उपयोग काहीच नाही. तिला उपयोग होतो तो बॅगेच्या आत ठेवलेल्या नाव-पत्त्याच्या चिठ्ठीचा आणि बाहेरच्या टॅगवरील दहा आकडी क्रमांकाचा. जून २०१८ पासून लागू असलेल्या आयाटाच्या ७५३ क्रमांकाच्या ठरावानुसार विमान कंपन्यांनी बॅगेची नोंद चार टप्प्यांवर ठेवायची असते : स्वीकारताना, विमानात चढवताना, एका विमानातून दुसऱ्याकडे सोपवताना आणि प्रवाशाला परत देताना. प्रत्येक हस्तांतरणाला नोंद, हे तत्त्व कंटेनरच्या व्यवहारासारखेच आहे. फरक एवढाच की येथे नोंद होते ती बॅगेची. तिचे कुलूप शाबूत होते की नाही, हे कोणी लिहीत नाही. ते पाहण्याचे काम प्रवाशाकडेच राहते.

सात दिवसांची मुदत

१९७५ मध्ये एक इंग्रज प्रवासी रोमहून ल्यूटनला परतला. त्याची सूटकेस फाटलेली होती आणि त्याने विमानतळावरच तशी नोंद केली. घरी गेल्यावर कळले की आतला एक शर्ट, सँडलचा जोड आणि लोकरीचे कार्डिगनही नाहीसे झाले आहे. त्याची खबर विमान कंपनीला मिळाली ती काही आठवड्यांनी, विमा कंपनीमार्फत. रक्कम किरकोळ होती, तरी वाद ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. ‘फॉदरगिल विरुद्ध मोनार्क एअरलाइन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात १९८० मध्ये निर्णय झाला की बॅगेतील काही वस्तू जाणे हेही आंतरराष्ट्रीय कराराच्या अर्थाने सामानाचे ‘नुकसान’च होय, आणि त्याची तक्रार सात दिवसांतच लेखी करायला हवी होती. प्रवासी हरला. सूटकेसची नोंद केली त्याच वेळी ती उघडून पाहिली असती तर प्रकरण कदाचित न्यायालयात गेलेच नसते.

ही सात दिवसांची अट आजही कायम आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेला १९९९ चा माँट्रियल करार भारतात ३० जून २००९ पासून अमलात आला. १९७२ च्या हवाई वहन कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत त्याचे नियम आहेत आणि काही फेरफारांसह ते देशांतर्गत प्रवासालाही लावले गेले आहेत. सोपवलेल्या सामानाचे नुकसान झाल्यास तक्रार सात दिवसांत, उशीर झाल्यास ते मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी करावी लागते. दाव्याची मुदत दोन वर्षांची. यातील सर्वांत दुर्लक्षित तरतूद अशी की तक्रार न करता सामान स्वीकारले, तर ते सुस्थितीत मिळाल्याचा तो प्राथमिक पुरावा मानला जातो. पट्ट्यावरची बॅग उचलून मुकाट्याने बाहेर पडणे म्हणजे एका अर्थाने पोचपावतीवर सही करणेच असते.

कुलपाचे खरे मोल येथे कळते. तुटलेले कुलूप, नाहीसे झालेले कुलूप किंवा वेगळ्याच आकड्यांवर थांबलेले नंबरचे चाक पट्ट्यापाशीच दिसले, तर बॅग तेथेच उघडून पाहण्याचे कारण मिळते. त्यासाठी निघताना कुलूप कसे होते, हे आठवावे लागते. बॅग सोपवण्यापूर्वी मोबाइलवर काढलेले दोन फोटो, एक उघड्या बॅगेचा आणि एक बंद केलेल्या बॅगेचा, या कामी पुरेसे होतात. क्रमांक छापलेली प्लॅस्टिकची पट्टी दोन्ही रनरमधून घालून आवळली तर ती कुलपाहून स्वस्त पडते आणि कंटेनरच्या सीलच्या अधिक जवळ जाते : एकदा कापली की तीच पुन्हा लावता येत नाही आणि दुसरी लावली तर क्रमांक जुळत नाही. बिनक्रमांकाची साधी पांढरी पट्टी मात्र कोणीही बदलू शकतो. विमानतळावर बॅगेभोवती गुंडाळून मिळणारे प्लॅस्टिकचे आवरणही याच जातीचे. ते भेदणे सोपे, पण लपवणे अवघड. चेनला पेनाने पाडलेली फट मिटवण्यासाठी रनर मोकळे फिरावे लागतात. म्हणून रनर बॅगेच्या मुठीला वा कडीला जखडले, तर निदान ती युक्ती गुपचूप साधत नाही.

भरपाईच्या रकमा पाहिल्यावर बॅगेत काय ठेवू नये, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या प्रवासी सनदेनुसार देशांतर्गत प्रवासात सामान हरवणे, उशिरा मिळणे वा त्याचे नुकसान होणे यासाठीची मर्यादा प्रति प्रवासी २०,००० रुपये आहे. माँट्रियल करारातील मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर, म्हणजे सुमारे दोन हजार अमेरिकी डॉलर झाली. ही कमाल मर्यादा आहे आणि प्रत्यक्ष नुकसान दाखवावे लागते. शिवाय दागिने, रोकड, लॅपटॉप, औषधे व मूळ कागदपत्रे यांची जबाबदारी घेत नसल्याचे बहुतेक विमान कंपन्या आपल्या अटींत लिहून ठेवतात. पुण्याला वा नागपूरला लग्नासाठी निघालेल्या घरातील एकच जरीची पैठणी २०,००० ची मर्यादा ओलांडू शकते. पाटल्या, तन्मणी आणि मंगळसूत्र यांचा तर हिशेबच नको. हे सारे हातातल्या पिशवीत, नजरेसमोर असणेच रास्त. अधिक किमतीची वस्तू सोपवणे भागच असेल तर बॅग देतानाच तिचे मूल्य विशेष घोषित करून, मागितल्यास जादा शुल्क भरून मर्यादा वाढवून घेण्याची सोय करारात आहे. ती फारच थोडे प्रवासी वापरतात.

चोरीची फिर्याद हा याहून निराळा मार्ग आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम ३०३ आणि नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरल्यास कलम ३०६ आहे. चोरी कोणत्या विमानतळावर झाली हे प्रवाशाला सहसा कळत नाही, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे हद्दीचा प्रश्न न येता कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते. भरपाई नाकारली गेली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाता येते. व्हाइटफील्डच्या रहिवाशाला त्यासाठी दिल्ली वा मुंबई गाठावी लागत नाही.

या सर्व मार्गांवर पहिला कागद लागतो तो विमान कंपनीच्या सामान कक्षात भरून घेतलेल्या गफलतीच्या अहवालाचा, ज्याला कर्मचारी ‘पीआयआर’ म्हणतात. त्यात टॅगचा क्रमांक, बॅगेचे वर्णन, कुलपाची वा चेनची अवस्था आणि नाहीशा झालेल्या वस्तू लिहून त्याची प्रत घ्यायची असते. सोपवताना नोंदलेले वजन टॅगच्या पावतीवर असेल तर बॅग तेथेच पुन्हा वजन करून देण्याची विनंती करता येते. दोन किलोंचा फरक कोणत्याही फोटोपेक्षा स्पष्ट बोलतो. हा अहवाल म्हणजे लेखी दावा नव्हे, असे काही कंपन्या नंतर म्हणतात, म्हणून सात दिवसांच्या आत ई-मेलने स्वतंत्र तक्रारही पाठवलेली बरी. सामान कक्ष सहसा पट्ट्यांच्या शेजारी, आगमन दालनाच्या दाराच्या आतल्या बाजूस असतो. दाराबाहेर पडलेल्या प्रवाशाला आत परतण्यासाठी परवानगी काढावी लागते.